टाचणवाले सर

सर शाळेतून निवृत्त झाले, टाचणातून झाले नाहीत. जिल्हा परिषदेच्या नाहीतर कुठल्यातरी शिक्षण प्रसारक मंडळाच्या हायस्कुलात हयातभर इंग्रजी शिकवायचं, पेन्शनचं प्रकरण एकदाचं मार्गी लावायचं आणि मुलाकडे ट्रुगानिनाला यायचं, हा सरांचा ठरलेला मार्ग. मेलबर्नच्या पश्चिमेला काल-परवापर्यंत गवत होतं तिथे आज घरांच्या रांगा आहेत आणि त्या रांगांत असे एक सर कुठे ना कुठे उतरलेले असतातच. सुरुवातीचे दिवस नातवाला शाळेत सोडण्या-आणण्यात आणि कोणत्या आठवड्यात कोणत्या झाकणाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर काढायचा ते पाठ करण्यात जातात. मग एक दिवस सरांच्या कानावर येतं, की जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आजी-आजोबांना कामापुरतं इंग्रजी शिकवायला कुणीतरी हवंय. त्याच संध्याकाळी सर सुनेकडे दोनशे पानी वही आणि लाल पेन मागतात.

गरज खरीच असते. ऑस्ट्रेलियाचं सरकार १९४८पासून स्थलांतरितांना फुकट इंग्रजी शिकवतं. मध्यंतरी माणशी ५१० तासांची मर्यादा होती, तीही २०२१मध्ये उठली. पण ही सोय कायमच्या रहिवाशांना आणि काही ठरावीक व्हिसांवाल्यांना. नातवंडं सांभाळायला पाहुण्या व्हिसावर आलेल्या आजींना त्या वर्गात बाक नाही. त्यांच्या वाट्याला सर येतात.

वहीचं पहिलं पान उघडून सर पट्टीने रकाने आखतात. पहिलाच रकाना 'इयत्ता', आणि तिथेच पेन अडतं. वर्गात एक पंजाबी बीजी, एक गुजराती बा, एक तेलुगू अम्मा आणि दोन मराठी आजी. बराच विचार करून सर 'मिश्र' असं लिहितात. घटक : मानवी शरीर. उपघटक : अवयव. उद्दिष्ट : विद्यार्थी दहा अवयवांची इंग्रजी नावे अचूक सांगतील. शैक्षणिक साधने : खडू, फळा, तक्ता. सेंटरमध्ये खडू मिळत नाही, पांढऱ्या बोर्डावर मार्करने लिहायचं असतं, हे सर स्वतः बघून आलेले असतात. पण साधनांत खडू नाही म्हणजे टाचण अपुरं! त्याखाली हर्बार्टच्या पायऱ्या, प्रत्येकीपुढे मिनिटं, बेरीज पस्तीस. हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट १८४१ साली वारले. त्यांच्या पायऱ्या मुळात चार, पाचवी शिष्यांनी बांधली. आपल्या बी.एड. कॉलेजांनी मात्र त्या अशा जपल्या, की सर आजही झोपेत सुद्धा प्रस्तावनेशिवाय बोलत नाहीत.

तक्त्यासाठी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि नातवाचे स्केचपेन. चित्रातला माणूस बघून घरात कुणी काही बोलत नाही, पण तो सरांच्या जुन्या हेडमास्तरांवर गेलेला असतो. नातू सांगतो, की त्याच्या मिससुद्धा रोज बोर्डावर 'लर्निंग इन्टेन्शन' आणि 'सक्सेस क्रायटेरिया' लिहितात. सर मांडीवर थाप मारतात, "अरे, म्हणजे उद्दिष्ट आणि स्पष्टीकरण! आमचंच नेलं यांनी."

वर्ग भरतो. प्रस्तावना सुरू होते : आपण पाहतो कशाने? ऐकतो कशाने? कानापर्यंत गाडी येते न येते तोच बीजी उठून गुडघ्यावर हात ठेवतात. गुडघा तक्त्यावर आठवा आहे, असं सर नम्रपणे सुचवतात. बीजींना नाव नको असतं. सून कामावर गेलेली असताना डॉक्टरांची अपॉइंटमेंट फोनवर कशी घ्यायची, ते हवं असतं. सर तक्ता भिंतीला टेकवून ठेवतात आणि नाइलाजाने रिसेप्शनिस्ट होतात.

"डेट ऑफ बर्थ?"

"फर्स्ट जानेवारी," बीजी म्हणतात.

"फर्स्ट जून," पहिल्या आजी.

"माझी पण फर्स्ट जून," दुसऱ्या आजी.

अम्मांना वाटतं दोघी जुळ्या. सर खाली मान घालून तारीख बोर्डावर लिहून घेतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या महाराष्ट्राला एक जूनला जन्माला घातलंय. त्यातले बरेचसे सरांच्याच हातचे, आणि त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवरही तीच तारीख.

"स्पेल युअर सरनेम, प्लीज."

आजींच्या आडनावात 'क्ष'. त्या ठसक्यात सुरू करतात, "के फॉर कोल्हापूर, एस फॉर सांगली..."

"आजी, ती पोरगी पत्ता लिहून घेईल."

"मग घेऊ दे की. माहेर कोल्हापूरचंच आहे."

एवढ्यात बांना इथला आणीबाणीचा नंबर, ट्रिपल झीरो, आठवतो. घरात कुणी पडलं-झडलं तर? सर लगेच तिकडचे ऑपरेटर होतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "पोलीस, फायर ऑर ॲम्ब्युलन्स?"

"यस," बा म्हणतात.

"कुठलं ते सांगायचं."

"यस, प्लीज."

त्या दिवशी वेळ संपते तेव्हा बा 'ॲम्ब्युलन्स' ठणठणीत आवाजात म्हणत असतात, बीजी जन्मतारीख न अडखळता सांगत असतात आणि टाचण अजून कानातच असतं.

नोकरीत असताना तपासणीच्या आदल्या रात्री अख्ख्या महिन्याचं टाचण एका बैठकीत उतरवणाऱ्या सहकाऱ्यांना सर जन्मभर नावं ठेवत आले. ट्रुगानिनात आल्यापासून त्यांनी तीच पद्धत सुधारून घेतली आहे. आता ते वर्गावर रिकाम्या हाताने जातात, बायका विचारतील ते शिकवतात आणि घरी येऊन, चहा घेऊन, त्याच तारखेचं टाचण लिहायला बसतात. उद्दिष्ट : विद्यार्थी फोनवर जन्मतारीख सांगतील. साध्य. उद्दिष्ट : विद्यार्थी रुग्णवाहिका मागवतील. साध्य. आजवर सरांचं एकही टाचण इतकं तंतोतंत पार पडलं नव्हतं.

राहतो तो तळाचा 'मुख्याध्यापकांची सही व शेरा' हा रकाना. तो कोरा ठेवायला सरांचा हात धजत नाही. म्हणून वही ओट्यापाशी जाते. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, पीठ लागलेले हात पुसतात, चष्मा लावून सगळं वाचतात, सही करतात आणि खाली लाल पेनाने शेरा मारतात : 'दहापैकी आठ अवयव शिल्लक. पुढील तासास घ्यावेत.'