बाराबोअर काकाजी

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यातल्या कुठल्याही पानठेल्यावर अर्धा तास उभे राहा, एक काकाजी भेटतातच. कधी ते निवृत्त मास्तर असतात, कधी जुन्या मालगुजाराचे धाकटे चिरंजीव, कधी लाकूड-ठेकेदाराचे भाचे. आम्ही त्यांना बाराबोअर काकाजी म्हणतो. त्यातले बारा गाळले तरी वर्णन चुकत नाही.

वाघानं कुठं गाय मारली अशी बातमी आली की बाकीचे विचारतात, कोणाची? काकाजी विचारतात, "किती फुटांवर होता?" मग उत्तराची वाट न पाहता स्वतःच अंतर ठरवतात आणि सुरू होतात.

"मले एक सांग भाऊ, गोळीचं काम काय हाये? दोनच कामं. शिरनं आन् फुलनं. लय फुलली त शिरत नाही, नुसतीच शिरली त आरपार जाते आन् जनावर दोन कोस चालते. समजलं का?"

समजलं म्हटलं तरी सुटका नाही. सॉफ्ट नोज म्हणजे टोकाशी शिसं उघडं, बाकी अंगाला तांब्याचं कवच. लागली की टोक पसरून जवळजवळ दुप्पट जाड होतं. सॉलिड म्हणजे टोकापर्यंत कवच. ती न पसरता हाड फोडून सरळ जाते. वाघाची कातडी पातळ, अंग मऊ, त्याला सॉफ्ट. रानगव्याला पहिली सॉलिड, नाहीतर खांद्यातच अडकेल. रानडुकराच्या खांद्यावर चिवट चामडीची ढाल असते, तिचा हिशोब वेगळा. आणि मध्ये बांबूची काडी आली, तर कुठलीही गोळी दिशा सोडते. चांदा जिल्ह्यात बांबू मध्ये येत नाही असं ठिकाण दाखवा, असं काकाजींचं आव्हान आहे. (गडचिरोली १९८२ साली वेगळा झाला आणि चांद्याचं चंद्रपूर त्याच्याही आधी झालं. पण काकाजींच्या बोलण्यात सिरोंच्यापर्यंत सगळा चांदा जिल्हाच.)

आता एक नाजूक बाब. वाघाची शिकार १९७० साली बंद झाली. १९७२ साली वन्यजीव कायदा आला, तेव्हा काकाजी पाचवीत होते. ताडोबात तर १९५५ पासूनच राष्ट्रीय उद्यान. म्हणजे ज्या जनावरांसाठी त्यांनी गोळ्यांची अशी चोख वाटणी केली आहे, त्यातलं एकही त्यांनी मारलेलं नाही. वडिलांकडून आलेली तीनशे पंधरा बोअरची इच्छापूर रायफल घरात आहे, परवान्यावर कारण लिहिलंय 'पीक संरक्षण', आणि खडकीच्या कारखान्यातली मोजकी काडतुसं कपाटात वरच्या खणात. ती उडवायची नाहीत, कारण उडवली की संपतात. निवडणूक आली की आचारसंहितेपायी रायफल ठाण्यात जमा होते. त्या दिवशी पावती लिहिणाऱ्या हवालदाराला ग्रेन म्हणजे काय ते ऐकावं लागतं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगर परिषद धरून त्या बिचाऱ्याचं शिक्षण एव्हाना बरंच झालं असावं.

मात्र काकाजींचं ज्ञान हवेतलं नाही. त्यांच्याकडे पुरावा आहे. खिशात पितळी तपकिरीची डबी असते, तिच्यात तपकीर नसते. वडिलांनी साठच्या दशकात परमिटवर मारलेल्या सांबराच्या पलीकडच्या कातडीखाली सापडलेली गोळी असते. बुड अजून गोल आणि गुळगुळीत. वर तांब्याचं कवच चार ठिकाणी चिरून मागे वळलेलं, मधोमध काळपट शिशाचा चपटा गोळा, आणि एका चिरेत अडकलेला केस. तो सांबराचा की काकाजींच्या मिशीचा, यावर मतभेद आहेत.

ही गोळी त्यांनी सराफाकडे तोलून घेतली. इंग्रजांनी तोळा ठरवला तो बरोबर एकशे ऐंशी ग्रेनचा, मासा पंधरा ग्रेनचा. कोरी गोळी दोनशे चव्वेचाळीस ग्रेनची, म्हणजे एक तोळा चार मासे आणि वर किंचित. सांबराच्या अंगातून निघाली ती भरली एक तोळा. "रुपयात बारा आने शिल्लक!" काकाजी टाळी मागतात. "चार आने आतमंदी खर्च झाले. याले म्हन्तात गोळी." सराफ दर वेळी हसून काटा पुसतो, कारण त्याच्यावर पुढचं गिऱ्हाईक सोनं ठेवणार असतं.

पुराव्याला एकदाच धक्का बसला. सासुरवाडी आलापल्लीकडची. तिथल्या एका म्हाताऱ्या माडिया माणसानं तरुणपणी भरमार चालवलेली. नळीतून दारू ठासायची, वरून शिसं नाहीतर हाताला येईल तो लोखंडाचा तुकडा. काकाजींनी विचारलं, फुलायचं काय? शिरायचं काय? म्हाताऱ्यानं जावयाच्या मानाखातर थोडा विचार केला आणि सांगितलं, "जवळ जायचं." हा किस्सा काकाजी सांगत नाहीत. काकू सांगतात.

इतिहासही त्यांना पाठ आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी १८९० नंतरच्या दशकात फुलणारी गोळी काढली, पठाणांवर चालवली, आणि १८९९ साली हेगला भरलेल्या परिषदेनं लढाईत तिला मनाई केली. "मानसाले मारासाठी नको, वाघाले मारासाठी पाह्यजे," काकाजी म्हणतात आणि पान थुंकायला वळतात. मला हे वाक्य बरंच बोचरं वाटलं होतं. वळून आल्यावर कळलं, त्यांना तक्रार करायची नव्हती, निवड कशी चोख आहे एवढंच सांगायचं होतं.

२०१८ च्या नोव्हेंबरात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याची टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, मारली गेली. तिला मारायला हवं होतं की नको, यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. काकाजी भांडले ते गोळी कुठल्या अंगानं शिरली यावर, आणि आठवडाभर पानठेल्यावरच्या प्रत्येकाला आडवं उभं करून त्याच्या खांद्यावर बोट ठेवत राहिले.

हल्ली ताडोबाच्या मोहर्ली गेटवर वेगळे तज्ज्ञ येतात, सहाशे एमएमच्या लेन्सा घेऊन. काकाजींनी एकाला विचारलं, "एमएम म्हनजे बोअर का?" तो हसला. मला वाटतं, हसण्यासारखं फारसं नव्हतं. त्या गृहस्थानं पुढची पंचेचाळीस मिनिटं आपल्या नळीबद्दल सांगितलं, आणि काकाजींना पहिल्यांदाच दुसऱ्याचं ऐकावं लागलं.

मग आमच्याकडे नाल्याच्या काठावर एक वाघ ठाण मांडून बसला आणि वनखात्याचं पथक आलं. काकाजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून दोरीपाशी हजर. जनावरांच्या डॉक्टरांनी बंदूक काढली, तिला दारूच नाही. गॅसचा दाब, समोर घड्याळासारखी तबकडी. अंतर पाहून दाब कमी-जास्त करायचा; दाब जास्त झाला तर डार्ट फार खोल जाऊन जनावराला इजा व्हायची. काकाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कमी शिरावी म्हणून धडपडणारा माणूस ते पहिल्यांदा पाहत होते.

वाघ झोपला, पिंजऱ्यात गेला. डॉक्टर भला माणूस. त्यानं वापरलेला डार्ट लांबून दाखवला. मागे रंगीत झुपका, पुढे सुई, सुईच्या बाजूला बारीक भोक आणि त्यावर सिलिकॉनची चकती. सुई मांसात शिरली की चकती मागे सरकते, भोक उघडतं, औषध आत जातं.

"ग्रेन किती?" काकाजींनी विचारलं.

"एमएल," डॉक्टर म्हणाले.

काकाजी घरी गेले ते कोणाशी न बोलता. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर ते नव्हते. मी सराफाकडे सहज डोकावलो, तर काट्यावर मेडिकलमधून आणलेली पाच एमएलची सिरिंज. रिकामी तोलून झाली होती. आता सराफ पाण्याचा तांब्या आणायला आत गेला होता.