अजून अर्धा राऊंड

करंज्यात सध्या सगळं वर चाललं आहे. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की रस्ता घराच्या उंबऱ्याशी बरोबरी करू लागतो. मग पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून लोक जोती वाढवतात, आणि जोतं वाढलं की ओटीला एक पायरी जास्त लागते. पलीकडे शेव्याच्या बंदरात कंटेनरवर कंटेनर चढतात. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाली, तेव्हापासून गुंठ्याचा भाव विचारायची सोय राहिलेली नाही. अशा या गावात एक माणूस एकाच ध्यासानं खाली चालला आहे. त्याला सगळा पाडा दादूस म्हणतो, त्याच्याहून थोरलेसुद्धा.

दादूस बंदराकडच्या ट्रेलरांची दुरुस्ती करतो. दिवसभर चाळीस फुटी कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांखाली उताणं झोपायचं, संध्याकाळी घरी येऊन आंघोळ करायची आणि पुन्हा गाडीखाली जाऊन झोपायचं. ही दुसरी गाडी त्याची स्वतःची. तिचं वर्णन करणं अवघड आहे, कारण ती अजून व्हायची आहे.

मूळ कल्पना इंग्रजांची. कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन नावाची गाडी काढली. दोन माणसांपुरती, उघडी, जमिनीला जवळजवळ चिकटलेली. तयार गाडीवर तिकडे तेव्हा खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून गिऱ्हाइकाने खोकी घरी न्यायची आणि गाडी स्वतः जोडायची. जोडायच्या सूचना दिल्या तर पुन्हा कर लागणार, म्हणून चॅपमनने म्हणे गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि त्या उलट्या वाचायला सांगितल्या. ही कथा मी दादूसला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. आपण आजवर सगळं सुलट वाचत आलो, इथंच घोळ झाला, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं.

ही गाडी त्याच्या डोक्यात शिरली ती खाडीपलीकडून. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने याच घाटाची रोडस्टर बनवली होती. बॉडी फायबरची आणि इंजिन इसुझूचं, १८०० सीसीचं. दादूस एका लग्नाला पलीकडे गेला होता. पंगत बसली असताना ही गाडी रस्त्यावरून गेली आणि दादूस ताटावरून उठला. आगरी-कोळ्यांच्या लग्नात मटणाच्या ताटावरून उठलेला माणूस मी तरी दुसरा ऐकलेला नाही. परतीच्या लाँचमध्ये तो कुणाशी बोलला नाही. करंजा धक्क्यावर उतरल्यावर एवढंच म्हणाला, "फायबर तर आपल्याकडं पण हाय."

होतंच. लाकडी होड्यांच्या जोडीला आता फायबरच्या होड्या आल्या आहेत, आणि त्या करणाऱ्या कारागिराला दादूसने एका मोसमाच्या आत पटवलं. चॅसीला लोखंडी पाइप. इंजिन, आर्म, स्टिअरिंग, पुढच्या स्प्रिंगा आणि कागदपत्रं हे सगळं एका भंगारातल्या पद्मिनीचं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला रस्त्यावरून उतरली, वर्तमानपत्रांनी हळहळून फोटो छापले. करंज्यात दादूसच्या पद्मिनीचा पुढचा निम्मा देह अजून यातना भोगतो आहे.

कारण असं, की त्या स्प्रिंगा पद्मिनीच्या वजनाच्या हिशेबाने वळलेल्या. तिला पत्र्याचं बॉनेट, चार दारं, छप्पर आणि आत मुंबईचं एक अख्खं कुटुंब. ते सगळं काढून वर फायबरचं टरफल ठेवलं, तर स्प्रिंगेला दबायला कारणच उरत नाही. गाडी पहिल्यांदा चार चाकांवर उभी राहिली तेव्हा लाटेवर चढणाऱ्या होडीसारखी तिची नाळ आभाळाकडे होती. दादूसची आई, जिला सगळे बय म्हणतात, ओटीवर बोंबील निवडत होती. तिने एकदा मान वर करून पाहिलं. "गारी हाय का होरी?"

तिथून हे सुरू झालं.

शहाण्या माणसाने या वजनाला शोभेल अशी मऊ स्प्रिंग नवी वळून घेतली असती. दादूस शहाणाच आहे, म्हणून त्याने तसं केलं नाही. "नवीन कशाला? हाय ती कापाची." कापण्यातलं त्याचं ज्ञान मात्र पक्कं. गॅस कटरने कापायची नाही; ज्वाळा लागली की पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग त्या जागी मरते. ग्राइंडरला कटिंग व्हील लावून कापायची, मध्ये मध्ये थांबून, हात लावता येईल इतकी थंड ठेवून. डावी-उजवी बरोबर सारखी. आणि एका वेळी फक्त अर्धा राऊंड, कारण कापलेलं लोखंड परत उगवत नाही. हे शेवटचं वाक्य तो इतक्या गांभीर्याने म्हणतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस अर्ध्या राऊंडवर थांबेल.

पहिला अर्धा राऊंड काढला. जॅक उतरवला. गाडी होती तिथंच. दादूसने लगेच ग्राइंडर उचलला. ट्रेलरवाल्या साथीदाराने हात धरला, "अरे, जॅकवरून उतरलेली गाडी टायर अडकवून उभी रायते. चार हात पुढं-मागं ढकल, बसू दे." ढकलली. बसली. चांगली बोटभर बसली, कारण पद्मिनीची पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर चाकापासून बरीच आत असते. स्प्रिंगेशी एक सेंटिमीटर गेला तर चाकाशी जवळजवळ दोन जातात. दादूसला हे गणित सांगितलं तर तो खूश झाला. अर्ध्या कष्टात दुप्पट खाली, असा व्यवहार त्याला बंदरावर कुणी कधी दिला नव्हता.

आता मोजमापाचं. टायर आणि वरचा फायबर यांमधली फट तो बोटांनी मोजतो. आधी चार बोटं होती, मग तीन. "दोन बोटं पायजेत." पण कुणाची? दादूसची दोन बोटं म्हणजे त्याच्या पुतण्याची तीन. डावीकडे दादूसने मोजलं आणि उजवीकडे पुतण्याने, तेव्हा गाडी उजवीकडे कलली. मग उजवीकडची बरोबर करायला डावी कापली आणि डावीची बरोबरी करायला उजवी. पट्टी घरात होती, शिवणकामाची. ती वापरा असं दादूसची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या तर दादूस म्हणाला, पट्टीत हात कळत नाही.

एकदा घाईत स्प्रिंग पुरती दाबून न घेता आर्म सोडला. ती सुटली ती अंगणावरून सणसणत गेली आणि वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांत जाऊन पडली. कुणाला लागली नाही, देवाची कृपा. बोंबील पाडून कावळ्यांची सोय झाली. बयने संध्याकाळी कालवणात बोंबील वाढताना दादूसच्या ताटात एक नट वाढला. तो त्याने पुसून खिशात ठेवला. शोधतच होता म्हणाला.

खरी फजिती नंतर कळली. दादूसचा समज असा, की स्प्रिंग लहान झाली म्हणजे मऊ झाली. होतं उलटं. राऊंड जितके कमी, तितकी स्प्रिंग कडक. आठ राऊंडांतला एक काढला तर ती सातव्या हिश्श्याने कडक होते, आणि दादूस एकावर थांबला नव्हता. म्हणजे खाली गेलेली गाडी खड्ड्यात पूर्वीपेक्षा जास्त उडू लागली, आणि उडाल्यावर खाली यायला जागा उरली नसल्याने थेट रबराच्या ठोकळ्यावर आपटू लागली. टायर वरून आत झुकले आणि आतल्या कडेने झिजू लागले. हेडलाइटची मान खाली गेली. रात्री समोरचा ट्रक दिसत नाही, पण रस्ता ओलांडणारा खेकडा डोळ्यांसकट दिसतो. चाक जॅकवर उचललं की आखूड स्प्रिंग आपल्या वाटीत खुळखुळते. ती निसटून येऊ नये म्हणून दादूसने तिला जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांधली आहे. गाठ मात्र अशी सुंदर घातली आहे, की कुठल्याही कंपनीला जमणार नाही.

या सगळ्यावर त्याच्याकडे एकच उत्तर आहे आणि ते समुद्राचं आहे. होडीत बर्फ कुठं भरतात? तळात. वजन खाली असलं की होडी कलंडत नाही. "मंग गारीला येगला नियम हाय का?" नियम तोच आहे, यात वाद नाही. लोटसवालाही हेच म्हणाला असता. फक्त चॅपमनची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळायची, दादूसची चाणज्याच्या रस्त्यावर पळते.

पळते म्हणजे काय, तर गतिरोधक ते गतिरोधक जाते. इंडियन रोड काँग्रेसच्या मापात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्याकडचे गतिरोधक एका अपघातानंतर एका रात्रीत जन्मतात, त्यांना माप कोण वाचून दाखवणार? करंजा ते उरण रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा दादूसला जातीने माहीत आहे. एकाला तो तिरका जातो, एकाला रिकामा जातो. रिकामा म्हणजे वहिनींनी खाली उतरायचं, उंचवटा पायी ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बसायचं. द्रोणागिरी मातेच्या यात्रेला ते दोघं असे निघाले. देवळापर्यंत वहिनींचं निम्मं अंतर पायी झालं. नवसाला पायी जाणाऱ्या बायका त्यांना वाटेत गाठून पुढे गेल्या, आणि एकीने विचारलं, "तुझा कसला नवस गो?"

लोक याला जुगाडू म्हणतात. मला ते पटत नाही. जुगाडू माणूस काम अडलं म्हणून खटपट करतो आणि काम भागलं की हात धुतो. दादूसचं काम कधीच अडलेलं नसतं. पहिल्या अर्ध्या राऊंडनंतर गाडी खरोखर देखणी दिसत होती. मी स्वतः पाहिली आहे. त्या संध्याकाळी कुणी ग्राइंडरची वायर कापली असती तर आज ही गाडी जिल्ह्यात मिरवली असती. पण हा माणूस चार पावलं मागे जातो, एक डोळा मिटतो, मान कलती करतो आणि त्याला ती दिसते, 'थोरी'. "थोरी वर हाय." ही थोरी त्याच्याखेरीज कुणाला दिसत नाही. असे लोक तुमच्याही गल्लीत असतील. रंग वाळलेल्या भिंतीला तिसरा हात मारणारे, लागलेला रेडिओ अजून बारीक लावायला जाऊन स्टेशन घालवणारे. त्यांच्यात आळस नसतो, लोभ नसतो, व्यसनही बहुधा नसतं. घरच्यांना तक्रार करायलाही धड जागा नाही.

कायद्याची भीती घालून पाहिली. मूळ रचनेत फेरफार करू नये असं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजारांचा दंड, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दादूसने मन लावून ऐकलं. मग बोटांवर हिशेब केला. दोन स्प्रिंगा, प्रत्येकी चार वेळा कापल्या, म्हणजे आठ फेरफार, चाळीस हजार. "गारीची तेवरी किंमत नाय," तो समाधानाने म्हणाला, जणू त्यामुळे खटला टिकणार नव्हता. पनवेलच्या आरटीओपर्यंत गाडी जाण्याचा संभव नव्हता, हे त्याहून मोठं संरक्षण. मध्ये गतिरोधक किती!

कार्लेखिंडीला जाऊन गाडी दाखवायची, ही त्याची मनीषा आहे. पाण्यातून रेवस समोर दिसतं, पण लाँचवर माणसं आणि दुचाक्या चढतात, ही गाडी नाही. रस्त्याने पेणचा वळसा. रेवस-करंजा पुलाची गोष्ट मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून गाव ऐकत आलं आहे. तो पूल झाला की दादूस पहिल्या दिवशी जाणार. नव्या पुलावर गतिरोधक नसतो, हे त्याने अटल सेतूवर ट्रेलरमध्ये बसून जाऊन खात्री करून घेतलं आहे.

तोवर गेल्या उन्हाळ्यात पाड्यातल्या रस्त्यावर पुन्हा डांबर पडलं. चांगला जाड थर, कडेला धारदार काठ. सकाळी दादूसने अंगणातून गाडी बाहेर काढली, नाक काठाला टेकलं आणि फायबरचा एक तुकडा सुटला. मागे घेतली. तिरकी केली. वहिनी न सांगता खाली उतरल्या. तरी नाही. बय म्हणाली, फळी टाक. दादूसने फळीकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने ती पुन्हा कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून दिली.

दुपारी तो स्वच्छ शर्ट घालून ग्रामपंचायतीत गेला. पुतण्याने शुद्ध भाषेत अर्ज लिहून दिला होता. विषय, पाड्यातील रस्त्याची उंची कमी करणेबाबत. ग्रामसेवकांनी तो दोनदा वाचला. जोतं वाढवायची परवानगी मागणारे अर्ज त्यांच्याकडे फायलीत गच्च होते. हा पहिलाच उलट दिशेचा. बिचाऱ्यांनी आवक नंबर घातला, शिक्का मारला आणि नोंदीसाठी विचारलं, "रस्ता साधारण किती खाली घ्यायचा?"

"आधी अर्धा इंच काडा," दादूस म्हणाला. "बसला की परत बगू."