बोर्डाचे काका

आमच्या सोसायटीत कुणाच्याही मुलाचं नोकरभरतीच्या परीक्षेचं हॉलतिकीट आलं की ते आईवडिलांच्या आधी काकांना कळतं. कसं, ते वॉचमनला विचारा. त्या संध्याकाळी मुलगा दूध आणायला खाली उतरला की पार्किंगमधून हाक येते, "काय रे, महानिर्मिती का? ये, बस. बॉयलर म्हणजे काय ते सांग." मुलगा पिशवी मांडीवर घेऊन बसतो. दूध त्या दिवशी वडील आणतात.

काकांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. उमेदीची वर्षं परळी आणि भुसावळला, शेवटची उरणच्या वायू विद्युत केंद्रात, पनवेलहून एसटीने रोज जाऊन-येऊन. २००५ साली मंडळाच्या निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या; निर्मितीची ती महानिर्मिती. काकांनी तो निर्णय अजून मंजूर केलेला नाही. ते 'बोर्ड'च म्हणतात, आणि आम्ही त्यांना बोर्डाचे काका म्हणतो. मीटररूममधला फ्यूज उडाला तरी बिऱ्हाडकरू त्यांचीच बेल वाजवतात. काका आधी दारातच समजावतात की निर्मिती वेगळी, पारेषण वेगळं, वितरण वेगळं, आणि तुमचा फ्यूज यातल्या कशातच बसत नाही. मग टॉर्च घेऊन स्वतःच खाली जातात.

अशी माणसं पनवेलात गल्लोगल्ली आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले रेल्वेभरतीची तयारी करून घेतात, बँकेतले बँकेची. फरक इतकाच की बँकवाले पुस्तक उघडतात. काकांना पुस्तकाचा राग आहे.

ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात नळ आणि टाकीचं गणित असतं. काकांना नळ-टाकी पोरकट वाटते. त्यांचं गणित असं : "कोळशाचा बंकर एका पट्ट्याने सहा तासांत भरतो, दुसऱ्याने तीन तासांत. दोन्ही पट्टे चालू केले तर?"

दुसऱ्या मजल्यावरचा धाकटा हुशार. म्हणाला, "दोन तास."

"चूक."

त्याने पुन्हा मांडलं. पुन्हा दोनच आले.

"महिना कोणता?" काका म्हणाले. "जुलै. कोळसा ओला. ओला कोळसा च्यूटमध्ये अडकतो, माणसं सळया घेऊन ठोकत बसतात. चार तास धर."

"काका, पर्यायांत चार नाहीये."

"मग पेपर काढणारा प्लांटवर गेलेलाच नाही."

बेरीजसुद्धा ते साधी घालत नाहीत. "चार वेळा एकशेआठ आणि दोन वेळा एकशेवीस?" मुलगा ६७२ म्हणाला की काकांचा चेहरा उजळतो. उरणचं केंद्र आहे ते : १०८ मेगावॉटची चार गॅस टर्बाइनं, आणि त्यांच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेची वाफ करून तिच्यावर चालणारे १२० चे दोन संच. "धूर फुकट जाऊ दिला नाही आम्ही," असं ते इतक्या अभिमानाने सांगतात, की ती बचत त्यांच्या घरखर्चातून झाली असावी.

त्यांचं आवडतं वाक्य आहे, "पन्नासच्या खाली जायचं नाही!" देशभरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांनी धडधडते, मागणी वाढून निर्मिती कमी पडली की हा आकडा घसरायला लागतो, आणि कंट्रोल रूममध्ये बसलेल्याची नजर त्याच्यावर असते. काकांची नजर मुलांवर असते. कुणी जांभई दिली की "फ्रिक्वेन्सी पडली." कुणी उत्तर विसरला की "ट्रिप झालास. आता थंड हो, मग पुन्हा लाइटअप." चुकीच्या उत्तराला गुण कापतात हे कळल्यावर त्यांनी एकच नियम घालून दिला : माहीत नसेल तर हात लावू नये, पॅनेलवरच्या बटणाला आणि पेपरातल्या पर्यायाला.

पण काकांचा खरा जीव मुलाखतीत. आता गंमत अशी की खालच्या पदांच्या मुलाखती केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून बंदच केल्या, आणि इतरत्रही तंत्रज्ञ वगैरे जागांना बहुतेक ठिकाणी संगणकावरची परीक्षाच असते. मुलांनी हे काकांना जाहिरात दाखवून सांगितलं. काकांनी चष्मा लावून जाहिरात वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "बरं. रविवारी दहा वाजता. इस्त्रीचा शर्ट."

मुलाखत त्यांच्या हॉलमध्ये होते. मुलाने बाहेर चप्पल काढायची, दार वाजवायचं, "मी आत येऊ का सर" म्हणायचं. खुर्ची ओढायची नाही, उचलून मागे घ्यायची. खुर्चीचा आवाज झाला तर पुन्हा जिन्यात. मागच्या खेपेला एक जण चौथ्यांदा जिन्यात गेला तेव्हा समोरच्या आजींनी त्याला कुरिअरवाला समजून सही द्यायला पेन आणलं.

"टर्बाइन किती वेगाने फिरतं?"

"मिनिटाला तीन हजार फेरे."

"का? अडीच हजार का नाही?"

इथे बहुतेक जण ट्रिप होतात. मग काका सोफ्यावरून पुढे सरकतात, स्टीलचा तांब्या टीपॉयवर गरगर फिरवतात आणि सांगतात : जनित्राला दोन ध्रुव, म्हणजे एका फेऱ्याला एक आवर्तन, सेकंदाला पन्नास हवीत, मिनिटात सेकंद साठ. "कर गुणाकार. पाठ केलेलं घाबरल्यावर पळून जातं, गुणाकार जात नाही." हे मात्र मी फारशा क्लासवाल्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

एवढ्यात आतून काकू पोहे घेऊन येतात. काकू म्हणजे एचआर. त्यांची नेमणूक कुणी केली माहीत नाही, पण अवघड प्रश्न त्याच विचारतात.

"चंद्रपूरला पोस्टिंग दिलं तर जाशील?"

"हो मॅडम. २९२० मेगावॉट, महानिर्मितीचं सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र," मुलगा एका दमात.

"ते राहू दे. मे महिन्यात तिथे पंचेचाळीसच्या वर जातं. रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपणार कसा? जेवणाचं काय?"

"मेस असेल..."

"आणि मेस बंद असली की?"

मुलगा पोह्यांकडे बघतो. काका खिडकीबाहेर बघतात. परळीहून भुसावळ, भुसावळहून उरण, प्रत्येक बदलीला ट्रंका काकूंनी बांधल्या आहेत, त्यामुळे या विषयात मुलाखतीच्या अध्यक्षांना मत नाही.

काकांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी कितीजण वीजकेंद्रात लागले, हा प्रश्न सोसायटीत कुणी विचारत नाही. एक तळोज्याला कारखान्यात बॉयलरवर आहे, आणि तो काकांच्या लेखी कलेक्टरच्या वरचा. एक बँकेत लागला. दबावाखाली काम करू शकाल का, असं त्याला तिथल्या मुलाखतीत विचारलं, तर त्याच्या तोंडून निघून गेलं, "दर चौरस सेंटीमीटरला दीडशे किलोपर्यंत." पॅनेल हसलं आणि त्याला घेतलं. दर दिवाळीला तो पेढे आणतो. काका पेढा खातात आणि म्हणतात, "चांगलं झालं. पण तू निर्मितीत हवा होतास."

तुमच्या घरी कुणाचं हॉलतिकीट आलं असेल तर खुशाल पाठवा. फी नाही. पार्किंगमध्ये सहानंतर असतात. रफ कामाला कागद-पेन्सिल आपली आणावी, कॅल्क्युलेटर गेटवरच ठेवावा, आणि महिन्याचा पहिला रविवार टाळावा : त्या दिवशी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचं ओव्हरहॉल असतं, आणि जो आधी सापडेल त्याच्या हातात पाना येतो.