कर्व्ह केलेलं अक्षर

संगणक हिशेबासाठी जन्माला आला, असा एक गैरसमज शिकलेल्या लोकांत आहे. त्यांनी एकदा गडमुडशिंगीला यावं. करवीर तालुक्यात, गांधीनगरच्या बाजारपेठेला खेटून हे गाव आहे. इथल्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बघितला की या यंत्राचं खरं जीवितकार्य ध्यानात येतं.

वीस बाय दहा फुटांचा फलक घ्या. इंचाला ७२ ठिपके धरले तरी सुमारे १४ कोटी ९३ लाख ठिपके होतात. संगणक त्यातला एकेक जातीनं रंगवतो आणि त्यातले बरेचसे उत्सवमूर्तीच्या गॉगलवर सत्कारणी लागतात. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या यंत्राला एवढं काम पडलं नव्हतं, कारण त्या मोहिमेला शुभेच्छुक नव्हते.

वाचनालयाचा फलक करायला मी एका दुकानात गेलो, तेव्हा ही विद्या जवळून पाहिली. शेजारी एक कार्यकर्ता बसला होता. "भावा, नावाला सोनेरी मार. मागनं सावली टाक."

"फाँट कुठला घेऊ, दादा?"

"डोळ्यात भरंल असला."

मग चेहरे लागले. नेते परातीएवढे, पदाधिकारी ताटलीएवढे, बाकीचे पोस्टाच्या तिकिटाएवढे. संगणकशास्त्रात याला सॉर्टिंग म्हणतात, आमच्याकडे मान म्हणतात. शास्त्रातलं सॉर्टिंग चुकलं तर पुन्हा करता येतं.

कलेनं यंत्राला वळण लावल्याचे दाखले इतिहासातही आहेत, पण त्यात उगाच कष्ट फार. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांना आपल्या पुस्तकाची मुद्रितं बेढब वाटली. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि अक्षरजुळणीची 'टेक' ही प्रणाली रचण्यात दहाएक वर्षं घातली. आमच्याकडे वाढदिवस इतका थांबत नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कुंचला बाजूला ठेवून स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. कलेसाठी यंत्र शिकायचं, यंत्रासाठी कला शिकायची, ही दुहेरी दगदग फ्लेक्सनं संपवली. आता दोन्ही शिकावं लागत नाही.

देवनागरीचंच बघा. 'गडमुडशिंगी' हे नाव युनिकोडमध्ये दहा खुणांचं. त्यातली शिं-ची पहिली वेलांटी साठवताना 'श'च्या नंतर येते आणि दिसताना त्याच्या आधी. हा शहाणपणा यंत्राच्या अंगी बाणावा म्हणून सुलेखनकार र. कृ. जोशींसारखी माणसं झिजली. त्यांनी घडवलेला 'मंगल' फाँट विंडोज २०००बरोबर घरोघर पोचला. फ्लेक्सवाले त्याला शिवत नाहीत. फारच वाचता येतो.

काम संपताना ऑपरेटर म्हणाला, "काका, कर्व्ह करून देतो. अक्षर हलणार नाही." दुसऱ्या संगणकावर फाँट नसला तर मजकुराचा चिखल होतो, त्यावर हा उतारा. त्यानं कंट्रोल धरून क्यू दाबला. त्या क्षणी अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. संगणकाला त्या बारीकसारीक वळणांसकट दिसतात, वाचता मात्र येत नाहीत. सौंदर्यासाठी साक्षरतेवर पाणी सोडणारं असं निरिच्छ यंत्र दुसरं नसेल.

फलक छापून आला. त्यावर सोनेरी, सावलीदार 'वाचनालाय' लिहिलं होतं. मी एक काना जास्त असल्याचं दाखवलं. ऑपरेटरनं मायेनं समजावलं, "आता कर्व्ह झालंय, काका."

फलक वाचनालयाच्या दारावर लागला, त्याला तीन वर्षं झाली. आत रोज पेपर वाचणारी मंडळी त्याच्याखालून जातात. त्या कान्याबद्दल अजून एकानंही विचारलेलं नाही. सोनेरी रंग कुठनं मारून घेतला, हे मात्र सतराजणांनी विचारलं.