शक्तिमानला पिस्ता रंग

अकरा गुंठेवाल्या माणसाला पुण्यात शेतकरी म्हणतात आणि मावळात गिऱ्हाईक. मला दोन्ही व्हायचं नव्हतं. मला लष्करी दिसायचं होतं. म्हणून कामशेतजवळच्या एका बंद पोल्ट्रीत वर्षानुवर्षं उभा असलेला, कधीकाळी लष्कराच्या लिलावात सुटलेला शक्तिमान ट्रक मी घेतला आणि त्याच आठवड्यात जंगल हॅटही घेतली. हॅट लगेच बसली. ट्रक बसलेलाच होता.

नाव ऐकून भाच्यानं गरगर फिरून दाखवलं. त्याला म्हटलं, तुझा तो सुपरहिरो शक्तिमान दूरदर्शनवर 1997 साली आला. हा 1959 पासून जबलपूरला बनत होता, जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर. आणि आता मला रुडॉल्फ डिझेलबद्दल बोलू द्या, कारण घरी कुणी ऐकत नाही. या गृहस्थानं आपलं पहिलं यशस्वी इंजिन 1897 साली आउग्सबुर्गच्या ज्या कारखान्यात चालवून दाखवलं, तोच पुढे ‘मान’ कंपनीत आला. म्हणजे माझा ट्रक थेट मूळ घराण्यातला! इंजिनात स्पार्क प्लग नाही, ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि त्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. दाबलं की पेटतं, हे तत्त्व मला सरकारी नोकरीतल्या उमेदवारीपासून पटलेलं आहे. पुढे 1913 च्या सप्टेंबरात हा माणूस इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर रात्री जेवला, झोपायला गेला आणि सकाळी बोटीवर नव्हताच. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं. अपघात, आत्महत्या की खून, यावर अजून वाद चालतो. माझं मत...

“साहेब, नोझलचं बिल बघितलं असेल त्यानं,” ट्रकखालून मिस्त्री म्हणाला. “जरा तेरा-पंधराचा पाना द्या.”

मी पाना दिला. तो चौदा-पंधराचा निघाला. तेव्हापासून हत्यारांना हात लावायची मला मनाई झाली.

लोणावळ्याकडून येणारा पाऊस मावळात लोखंडाला सोडत नाही. टाकीच्या तळाशी पाणी, त्यावर बुरशी, त्यावर डिझेल म्हणावं असा काळा काढा. एअर क्लीनरमध्ये गांधीलमाशांचं पोळं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, पिस्टन जाम. मिस्त्रीनं सिलिंडरमध्ये डिझेल-ऑईल ओतून ठेवलं आणि रोज थोडं थोडं फ्लायव्हील हलवून इंजिन मोकळं केलं. पंप आणि नोझल चिंचवडहून टेस्ट होऊन आले. मग एअर काढणं. डिझेलच्या लाइनमध्ये हवा राहिली तर इंजिन धरत नाही. स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, फेस संपून अखंड धार आली की स्क्रू आवळायचा.

याच सुमाराला मेजर आले. मेजर म्हणजे लष्कराच्या एएससीतून, म्हणजे पुरवठा-वाहतूक दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले ड्रायव्हर. गावात फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच. त्यांनी ट्रकला एक फेरी मारली, माझ्या हॅटकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. मी ते कौतुक समजलो.

सुरू करायच्या दिवशी मी हॅट घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. मेजरांनी मला उतरवलं आणि हातात ओलं गोणपाट दिलं. जुना पंप अडकला तर इंजिन सुटतं, चावी फिरवून ते थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड दाबायचं. “हे महत्त्वाचं काम आहे,” असं ते म्हणाले. लहान मुलाला लग्नात अक्षतांचं ताट सांभाळायला देतात, तसा मी उभा राहिलो. काळा धूर, पांढरा धूर, मग शेडचे पत्रे थरथरले आणि शक्तिमान धरला. माझ्या गोणपाटाची गरज पडली नाही.

मेजर बराच वेळ खाली उतरले नाहीत. सिक्कीमच्या थंडीत टाकीतलं डिझेल गोठायचं, पहाटे बोळे पेटवून टाकी शेकायची, वर पोरांचं रेशन थांबलेलं, असं काहीसं ते स्टीअरिंगला सांगत होते. इकडे रविवारी टायगर पॉइंटच्या रस्त्यावर फौजी स्टिकर लावलेल्या जीपांमधून गाणी वाजत धिंगाणा चालतो आणि चिक्कीचे कागद खिडकीबाहेर उडतात. तो राग मी अनेक वर्षं बाळगून होतो. त्या दिवशी लक्षात आलं की माझी हॅट त्याच ताफ्यातली आहे.

मग रंगाचं निघालं. मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप, तेच गेलं. मी पळवाटा शोधत होतो. मेजरांनी पॉलिश पेपर घेऊन नंबरप्लेटवरचा लष्करी बाण घासायला सुरुवात केली. “सर्व्हिस संपली की वर्दी उतरवायची,” ते म्हणाले आणि घासत राहिले.

“अहो, पिस्ता घ्या,” बायको म्हणाली. पिस्ता घेतला.

नोंदणी होईपर्यंत रस्ता बंद आहे, आणि अकरा गुंठ्यांत शक्तिमान फक्त पुढे जाऊन मागे येतो. मेजर रोज चालवतात, मी बाजूला बसतो. कुणाकडे याच्या व्हील सिलिंडरचे रबर असतील तर कृपया कळवा. सेल्फीसाठी येणार असाल तर येताना चौदा-पंधराचा नव्हे, तेरा-पंधराचा पाना आणा.