डॉलर मोजून पाहिलेला ऊस

टोरंटो
मार्चअखेर

तीर्थरूप आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार,

‘बार्बेडोसला गेलात, मग केन्सिंग्टन ओव्हल बघितलंत की नाही?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर पत्राच्या शेवटाकडे देते. आधी दिलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. तेव्हा आधी ऊस.

हो, ऊसच. मुलांच्या शाळांना मार्चमध्ये आठवडाभर सुट्टी असते. त्या दिवसांत इथे अंगणात बर्फ असतो आणि ज्याला जमेल तो विमानात असतो. आम्हीही गेलो, सासूबाईंना घेऊन. समुद्रात डुंबून झाल्यावर तुमच्या जावयांनी एका दिवसाची सहल ठरवली. उघड्या जीपमधून, डांबरी रस्ता सोडून, बेटाच्या अस्सल ग्रामीण भागाचं साहसी दर्शन! माणशी किती डॉलर ते लिहीत नाही, कारण आई लगेच त्याचे रुपये करायला बसेल.

निघण्यापूर्वी एका कागदावर सह्या घेतल्या. कुणाचा हात मोडला, कुणी गाडीतून पडलं, काही हरवलं, तर जबाबदारी ज्याची त्याची. सासूबाईंनी तो सगळा वाचून घेतला आणि विचारलं, “मग हे पैसे कशाचे घेतात?” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी सही केली.

जीप म्हणजे मागचा हौदा उघडा, वर ताडपत्री, समोरासमोर दोन बाकं. आमच्याबरोबर दोन इंग्लिश जोडपी होती. चालक हाच वाटाड्या, वयाने साठीचा, आवाज तमाशातल्या सोंगाड्याला शोभेल असा. थोड्या वेळाने डांबर संपलं. त्याने गिअर बदलला, “आता फुकट मालिश!” अशी आरोळी ठोकली आणि मोठ्या थाटात गाडी घातली ती थेट उसाच्या फडात. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, मधे लाल चाकोरी, तोंडावर पाचटाचे फटके. इंग्लिश मंडळी धडाधड व्हिडिओ घेऊ लागली. मी तुमच्या जावयांकडे बघितलं, ते आभाळाकडे बघत होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे तर तुझ्या माहेरी परसातच होतं ना?”

आप्पा, तुम्ही कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म काढलात, म्हणून तुमच्यासाठी मी सगळी चौकशी करून आलेय. हंगाम आपल्यापेक्षा उशिरा, फेब्रुवारी ते मे. पाटाचं पाणी नाही, जवळजवळ सगळा ऊस पावसावर. बेट केवढंसं, तर ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद. एके काळी इथे गिरण्याच गिरण्या होत्या, आता साखर कारखाना एकच उरलाय. चेअरमन कोण, संचालक किती, निवडणूक कधी असते, हे मी विचारलं. पण वाटाड्याला प्रश्नच कळला नाही. एक मात्र तुम्हाला आवडेल. ऊस कांड्या लावूनच वाढवायचा, त्याच्या बियातून काही उगवत नाही, अशी जगाची समजूत होती. १८८८च्या सुमारास हॅरिसन आणि बोव्हेल या दोघांनी इथे बियापासून रोपं करून दाखवली, आणि त्याच सुमारास जावा बेटावरही ते जमलं. त्यातूनच नवीन वाण तयार करण्याची विद्या सुरू झाली. म्हणजे तुम्ही ज्या ‘को ८६०३२’ वाणासाठी शेतकऱ्यांच्या मागे लागायचात, त्याच्या कुळकथेतलं एक पान इथलं आहे.

फडाच्या कडेने गवताची ताठ रांग होती. बांधाची माती वाहून जाऊ नये म्हणून लावलेली. वाटाड्याने उतरून एक मूळ उपटलं आणि वास घ्यायला दिलं. वाळा! सासूबाईंनी ते मूळ रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. पुढे एका घराच्या कुंपणाला लालपिवळा शंकासुर फुलला होता. ते तर त्या देशाचं राष्ट्रीय फूल निघालं. मग रस्त्यातून एक मुंगूस पळालं. त्याची तर कथाच आहे. उसातले उंदीर आवरेनात म्हणून मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात वेस्ट इंडीजमध्ये आपल्याकडून, कलकत्त्याहून, मुंगसं नेली. पण उंदीर रात्रपाळीचा आणि मुंगूस दिवसपाळीचं. दोघांची गाठच पडेना. मुंगसाने मग कोंबड्या, पक्षी आणि सरडे यांवर हात मारला, आणि उंदीर आपला ऊस खातच राहिला. कुठल्या तरी मीटिंगमध्ये एकमताने मंजूर झालेला ठराव दिसतोय.

माकडंही पाहिली. तीही बाहेरचीच, पश्चिम आफ्रिकेतून साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेली. ‘माकडं!’ ऐकताच महाबळेश्वरच्या अनुभवाने आम्ही पाचही जणांनी पिशव्या पोटाशी धरल्या. पण ही हिरवट करडी माकडं भलतीच लाजाळू. आम्हाला बघून तीच पळाली. शेतकऱ्यांना मात्र ती पुरेपूर छळतात, त्या बाबतीत कोकणातल्या भाऊबंदांच्या तोडीची.

नंतर जीप चेरी ट्री हिल चढली. या टेकडीवर चेरीचं एकही झाड नाही, सगळी महोगनी. पायथ्याला सेंट निकोलस ॲबे. नाव मठाचं, पण तिथे साधू कधी राहिला नाही. सतराव्या शतकात एका मळेवाल्याने बांधलेला तो वाडा. त्यात शेकोट्या आहेत! बारा महिने घाम गाळणाऱ्या बेटावर शेकोटी! साहेबाने नकाशा विलायतेहून आणला असावा आणि विलायती घराला शेकोटी असते, म्हणून इथेही झाली. तिथे वाफेवर चालणारा जुना चरक अजून ऊस गाळतो. त्या रसाची रम करतात. धाकट्याने “आजी, रस पिऊ या” म्हणून हट्ट धरला आणि सासूबाईंनी तिथल्या बाईंना आलं-लिंबू घालता येईल का, असं विचारायला मला पाठवलं.

तिथून जवळच मॉर्गन लुईसची पवनचक्की. अशा शेकडो चक्क्या एके काळी बेटावर वाऱ्यावर ऊस गाळत होत्या. बैल नाही, इंजिन नाही, अटलांटिकवरून वर्षभर वाहणारा वारा हाच मजूर. मी हे वाक्य मोठ्याने बोलले, तेव्हा वाटाड्या पहिल्यांदाच गंभीर झाला. म्हणाला, “वाऱ्याने फक्त गाळला. तोडला कुणी, ते पुढे दाखवतो.”

आणि त्याने दाखवलं. गावागावांतून लाकडी घरं, लहानशी, रंगीत, नीटनेटकी, सुट्या दगडांच्या ठोकळ्यांवर ठेवलेली. पाया नाहीच. १६४०च्या दशकात इथे साखर आली, त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत बेटावरचं जवळजवळ सगळं जंगल तोडून ऊस लावला गेला, आणि तो तोडायला आफ्रिकेतून माणसं विकत आणली गेली. १८१६ मध्ये त्यांनी उठाव केला, त्यांचा पुढारी बुसा; त्याचं नाव आज इथल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. १८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली, पण उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षं राबवून घेतलं. सुटका झाली तेव्हा हातात जमीन नव्हती. मळेवाल्याच्या जागेत भाड्याने राहायचं, आणि मालकाशी बिनसलं की घराच्या फळ्या सुट्या करून, गाडीवर घालून, दुसरीकडे उभं करायचं. म्हणून पाया नाही.

आमच्या जीपमध्ये जरा शांतता पसरली. मला कारखान्याच्या मागच्या माळावरच्या कोप्या आठवल्या. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या यायच्या, बांबू आणि चटयांच्या कोप्या एका दुपारीत उभ्या राहायच्या आणि पट्टा पडला की तशाच एका दुपारीत नाहीशा व्हायच्या. ती विकत आणलेली माणसं नव्हती, मला ठाऊक आहे. पण उचल घेऊन आलेली होती, हेही तुम्हीच सांगायचात. माझ्या वर्गात तीन-चार महिने बसून जाणाऱ्या त्या मुली पुढे कुठे जातात, हे मी तेव्हा कधी विचारलं नाही. साखर आपल्या घरात पोत्याने यायची, तिला हिशोबाची दुसरी बाजू असते हे कळायला मला डॉलर मोजून इतक्या लांब यावं लागलं. त्या दिवशी ते पैसे मला पहिल्यांदा वसूल झाल्यासारखे वाटले.

असो. पुढचा प्रदेश स्कॉटलंड. डोंगर बघून साहेबाला घर आठवलं, म्हणून हे नाव. बाकी सगळ्या बेटावर प्रवाळाच्या खडकाचं झाकण आहे. इथे तेवढं ते झिजून गेलंय आणि खालची चिकणमाती उघडी पडलीय. पाऊस झाला की उतार घसरतात आणि उतारावरचा रस्ताही बरोबर जातो. जीपच्या खऱ्या कसरती इथे झाल्या. एका घळीत गाडी अशी उतरली की समोरच्या बाकावरची इंग्लिश आजी थेट माझ्या मांडीवर आली आणि “सॉरी” म्हणत तिथेच बसून राहिली. सासूबाईंनी एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने नातू धरून रामरक्षा सुरू केली. ती त्यांनी इतक्या वेगात म्हटली की घळ संपेपर्यंत दोनदा झाली.

मग बाथशेबा. किनाऱ्यावर घराएवढे खडक सुटे उभे, लाटांनी त्यांचे बुडखे कोरून काढलेले. कॅरिबियन म्हणून आलो खरे, पण हे बेट इतर बेटांच्या रांगेपासून पूर्वेला, अटलांटिकातच आहे. समोर सरळ आफ्रिका. ओढ जबरदस्त, म्हणून पोहणं धोक्याचं. सासूबाईंना दुसऱ्या एका किनाऱ्यावर झाडाखाली हिरवी, बोराहून जरा मोठी फळं दिसली. त्या वाकणार तोच वाटाड्या एवढ्या मोठ्याने ओरडला की लाटासुद्धा थबकल्या असतील. ते मँचिनील. फळ विषारी, चीक अंगाला लागला तर फोड, पावसात झाडाखाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. खोडाला धोक्याचा लाल पट्टा होता. सासूबाईंचं म्हणणं, “लाल पट्टा बघून मला वाटलं, झाड पूजेतलं आहे.”

जेवण एका रम शॉपमध्ये. घाबरू नका, हे गावातलं वाण्याचं दुकानच असतं. पाव, डबाबंद मासे, साबण, सगळं मिळतं आणि शिवाय रम. म्हाताऱ्या मंडळींचा डॉमिनोजचा डाव रंगलेला, सोंगट्या टेबलावर आपटण्याचा आवाज बाहेरपर्यंत. तुमच्या जावयांनी उडते मासे मागवले. आम्हा शाकाहाऱ्यांना कुकू, म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेली, तांदळाच्या उकडीच्या वळणावर जाणारी गोष्ट. भेंडी अशी वाया घालवलेली सासूबाईंना पाहवेना, पण वर पिवळी मिरचीची चटणी घेतल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. प्यायला मॉबी, एका झाडाची साल उकळून केलेलं कडूजहर सरबत. आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. त्यांनी पेला रिकामा केला आणि “पित्तावर चांगलं असणार” असा निर्णय दिला. मळीचं इथे काय होतं, ते विचारू नका. १७०३ सालापासूनची कागदपत्रं दाखवणारी भट्टी आहे इथे.

आता क्रिकेट. आम्ही भारतातले म्हटल्यावर सगळं दुकान उभं राहिलं. २९ जून २०२४, इथल्याच ओव्हलवर टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला झेल. प्रत्येकाने तो झेल करून दाखवला. त्यातल्या एकाने मागचं केळ्याचं टोपलं पाडलं. वाटाड्या म्हणाला की तो त्या दिवशी स्टेडियममध्येच होता. तसा त्या बेटावर भेटलेला प्रत्येक जण त्या दिवशी स्टेडियममध्येच होता. मग मी तुमचं नाणं वाजवलं. म्हटलं, माझ्या वडिलांना १९७१ पाठ आहे, वाडेकरांचा संघ, इथल्या कसोटीत पहिल्या डावात गावसकर एक आणि दुसऱ्या डावात नाबाद ११७. डॉमिनोजवाल्या एका आजोबांनी सोंगटी खाली ठेवली. म्हणाले, त्याच्यावर त्रिनिदादवाल्या लॉर्ड रिलेटरने कॅलिप्सो केलं होतं. आणि त्रिनिदादच्या माणसाचं नाव आपण घेतलं म्हणून लगेच तोंड धुवायला एक घोट घेतला.

तर उत्तर असं की ओव्हल बघितलं, फाटकाबाहेरून. आत काहीतरी काम चालू होतं. सोबर्सच्या पुतळ्याजवळ तुमच्या जावयांचा फोटो काढलाय. पुतळा फटका मारतोय आणि जावई सनस्क्रीन लावतायत.

एक काम आहे. वाटाड्याच्या भावाचा थोडा ऊस आहे. एकदा लावला की तो चार-पाच वर्षं खोडवाच घेत राहतो आणि आता उतारा घसरलाय म्हणून रडतो. तुम्ही किती खोडवे ठेवता, पाचट जाळता की कुजवता, हे मी तुम्हाला विचारून कळवते म्हणाले. सविस्तर लिहा, मी इंग्रजी करून पाठवीन. फक्त कारखान्याच्या राजकारणाची पानं वेगळी लिहा, म्हणजे मला गाळायला सोपं जाईल.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची
बेबी

ता. क. (हे मी, विहीणबाई, लिहीत आहे.)
आप्पासाहेबांना स. न. वि. वि. सूनबाईंनी लिहिलेलं वाचलं. दोन दुरुस्त्या. रामरक्षा तीनदा झाली, दोनदा नाही. आणि घळीत किंचाळलं कोण, हे तिने लिहिलेलं नाही. मीही लिहीत नाही, माझा मुलगा आहे. वाळा माझ्या पर्समध्ये विमानतळावर सापडला आणि कॅनडात माती लागलेली मुळं चालत नाहीत म्हणून साहेबाने तो काढून घेतला. तुमच्या बांधावर असेल तर एक जुडी ठेवा. डिसेंबरात येते तेव्हा घेईन.