बिनपगारी काका

पुण्यातली कुठलीही जुनी वास्तू घ्या, तिथे एक निवृत्त काका उभे असतातच. गळ्यात स्वयंसेवकाचं ओळखपत्र, डोक्यावर टोपी, हातात मिटलेली छत्री. आमचे काका नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये सापडतात.

काकांकडून कुठलीही माहिती मिळण्याआधी एक माहिती मिळते : "मी इथे बिनपगारी आहे, बरं का!" स्वच्छतागृह कुठे, असं विचारलं तरी आधी बिनपगारी, मग १८९२ साल, मग तिसरे आगाखान, मग दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून उभी राहिलेली ही इमारत आणि सगळ्यात शेवटी "डावीकडून सरळ." तोवर विचारणाऱ्याचा चेहरा बघवत नाही.

हिरवळीवर कुणी डबा उघडला की काका छत्री उगारून धावतात. "उठा! बिनपगारी आहे म्हणून सांगतोय. पगारी असतो तर कशाला सांगितलं असतं?" लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या जोडप्याला त्यांनी विचारलं, "इथे दोन मृत्यू झालेत, माहीत आहे का?" मुलीचा चेहरा उतरला. काकांचा पुढचा प्रश्न फोटोग्राफरला : "तू किती घेतोस?" आकडा ऐकून म्हणाले, "आणि मी बघ!"

माळ्याला ते गुलाब कसे छाटायचे ते शिकवतात. एकदा तो वैतागून म्हणाला, "काका, बिनपगारी आहात ना? मग बिनकामी बसा की!" काका हा किस्सा सगळ्यांना ऐकवतात, फक्त पहिल्या वाक्यापर्यंत.

समाधींपाशी मात्र छत्री खाली येते. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचा जन्मही १८९२ चाच, हे काका हमखास सांगतात. ९ ऑगस्ट १९४२ ला त्यांना गांधीजींबरोबर अटक झाली, याच वास्तूत कैदेत ठेवलं गेलं आणि १५ ऑगस्टला ते इथेच गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कैदेत असतानाच कस्तुरबाही इथे गेल्या.

सहलीला आलेल्या एका मुलीने विचारलं, "बा कैदेत काय करायच्या?"

"शिकायच्या. सत्तरी ओलांडली होती. बापू त्यांना भूगोल शिकवायचे."

"पण परीक्षा नव्हती ना?"

"नव्हती गं," काका म्हणाले आणि कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. 'बिनपगारी'सुद्धा नाही.

१९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली. आपण तिकीट काढतो, कमानीखाली फोटो काढतो आणि समाधीपर्यंत चालायला वेळ नाही म्हणून परत फिरतो. काका कटकटे आहेत, यात वाद नाही. पण गेलात तर त्यांना वीस मिनिटं द्या. आणि ते 'बिनपगारी' म्हणाले की हसू दाबून "हो का!" म्हणा. तेवढंच त्यांना मिळतं.